कोरडं तोंड

भात शिजून निवून गेला, आमटीवर तेलाचा तवंग धरला, तरी खालच्या पायवाटेनं कोणी येताना दिसेना.

रतनबाई पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला ही मूठभर घरांची वाडी. आवणीच्या दिवसांत इथं मजूर मिळत नाही, म्हणून सावड चालते. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या खाचरात भात लावायचा, उद्या सगळ्यांनी माझ्या. ज्याच्या घरची पाळी, त्यानं दुपारचं जेवण घालायचं. यंदा रतनबाई, तिचा धाकटा भाऊ गोरख आणि भावजय नूतन, तिघंही घरोघरच्या चिखलात वाकवाकून आले होते. कंबरेचा काटा ढिला झाला होता. आज पाळी त्यांची होती आणि बांधावर चिटपाखरू नव्हतं.

"पावसानं खोळंबली असतील वन्सं," नूतन चुलीपासून म्हणाली.

"पाऊस काय त्येंच्याच डोक्यावर पडतोय व्हय? मेंढरं पावसाला भीत न्हाईत गं, मेंढक्याला भित्यात."

ती असं बोलली आणि ओढ्यापलीकडून पॉवर टिलरचा आवाज सुरू झाला. कुंडलिकअण्णाच्या खाचरात निळ्यापिवळ्या प्लास्टिकच्या खोळी पांघरून सगळी वाडी ओळीनं वाकली होती. अण्णाची पाळी गेल्या आठवड्यात होऊन गेली होती. त्याचं एक चिंचोळं खाचर राहिलं होतं म्हणे, तेवढ्यासाठी सगळं गाव लोटलं होतं. शेपूट हलवायचं म्हटल्यावर जागेची अडचण कोणाला होत नाही.

गोरखची पोरगी प्रांजल बाहेर आली. वय बारा, पण अंगानं दहाची वाटायची. तिनं भाताच्या पातेल्याकडे बघितलं आणि नजर फिरवली. नवरात्रापासून ती भाताला शिवत नव्हती. नाचणीची भाकरी खायची, तीही डाव्या हातानं.

त्या नवरात्रात अण्णाच्या आईची, अंबूबाईची, सोन्याची बोरमाळ हरवली होती. अण्णा म्हणजे माजी सरपंच. दूध डेअरी त्याची, टिलर त्याचा, म्हणून अक्कलही त्याचीच, असं वाडी धरून चालते. घटाच्या पूजेला पोरंसोरं त्याच्या घरात येत-जात होती, तेव्हा त्यांच्यातच चोर असणार असं त्यानं ठरवलं आणि पोलिसांत जायचं सोडून चिमाजी भगताला बोलावून आणलं. भगतानं पोरांना रांगेत बसवलं आणि एकेकाच्या तोंडात मंतरलेले तांदूळ कोंबले. चावायचे आणि थुंकायचे. ज्याचे ओले पडतील तो साव, ज्याचे कोरडे पडतील तो चोर. बाकीच्या पोरांच्या पाठीशी त्यांचे आईबाप उभे होते. प्रांजलचे आईबाप भोरच्या बाजाराला गेले होते आणि रतनबाई वर माळावर नाचणीत होती. भेदरलेल्या पोरीच्या तोंडात थुंकी येणार कुठून? तांदूळ कोरडे पडले. मग "कबूल हो" म्हणत भगतानं चुलीत तापवलेलं नाणं तिच्या उजव्या तळहातावर ठेवलं आणि अण्णानं वरून मूठ दाबून धरली. बायका पदर तोंडाला लावून हळहळल्या म्हणे. हळहळायला काय जातं.

पोरीला पाठीवर घेऊन रतनबाई खाली उतरली, भोरच्या दवाखान्यात गेली आणि तिथूनच पोलिसांत. गोरख मागून नको नको म्हणत आला होता. दिवाळीच्या तोंडावर बोरमाळ सापडली. चोराच्या भीतीनं अंबूबाईनंच ती नाचणीच्या कणगीत खुपसून ठेवली होती आणि विसरून गेली होती. पण माफी मागायला कोणी आलं नाही. पोरांना तांदूळ चावायला लावणारी वाडी स्वतः मूग गिळून बसली.

टिलरचा आवाज थांबला तसा धनाजी छत्री घेऊन आला. हा अण्णाच्या डेअरीवर दूध मोजायचा. मापात पाप करून करून त्याची मान कायमची एका बाजूला कललेली, असं रतनबाई म्हणायची. तो पडवीच्या कडेला उभा राहिला.

"गोरख, अण्णांनी निरोप दिलाय. परवा भोरला पोरीची साक्ष हाय नव्हं? तिनं इतकंच म्हनायचं, चुलीपाशी खेळताना निखाऱ्यावर हात पडला. झालं. दुसऱ्या दिशी सगळी वाडी तुज्या खाचरात. टिलर बी अण्णांचा, डिझेल बी अण्णांचं."

गोरख अंगठ्यानं ओल्या मातीत रेघा ओढत राहिला. "बघू," तो म्हणाला.

रतनबाई पुढं आली. "धनाजी, त्या रांगेत तुजं पोरगं बी व्हतं. प्रांजलच्या म्होरं व्हतं का मागं?"

"म्होरं."

"म्हंजे त्याचं थुंकणं वलं निघालं म्हनून तू आज निरोप्या. कोरडं निघालं असतं तर मीच छत्री घिऊन तुज्या दारात आले असते."

धनाजीची मान आणखी कलली. "अक्का, गावात ऱ्हायचं तर गावासारखं ऱ्हावं लागतं."

"गाव कुटाय? मला तर समदी अण्णाच्या दावणीची जनावरं दिसत्यात. जनावर म्हनायची बी चोरी, ती येळंला लाथ तरी मारत्यात."

धनाजी गेला. जाताना त्यानं चुलीवरच्या आमटीचा वास घेतला हे रतनबाईच्या नजरेतून सुटलं नाही. इमान विकलेल्या माणसाचं नाक तेवढं शाबूत राहतं, असं तिला वाटलं.

गोरख मात्र तापला होता. "भाताच्या रोपांचा तरवा पिवळा पडाय लागलाय अक्का. चार दिसांत न्हाई लावला तर फुकट जाईल. मंग वरीसभर खायचं काय? तुज्या तोंडानं पोट भरत न्हाई. ह्याच जिभंपायी तू पासलीचं घर मोडून आलीस, आता हितलं मोडू नगंस."

नूतननं चटकन त्याच्याकडे बघितलं. रतनबाईनं भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. वेल्ह्याच्या बाजूला, पासलीला, तिच्या दादल्यानं सवत आणली आणि रतनबाईनं भर पंगतीत त्याच्या ताटात राख वाढली. तेव्हापासून ती भावाच्या घरात होती. कष्ट दोघांचे करायची आणि जेवताना अर्धी भाकरी कमी घ्यायची. भावाच्या घरात राहणाऱ्या बहिणीला कोणी जा म्हणत नाही. फक्त वर्षातून एकदा आठवण करून देतात.

दुपारी सुलक्षणा आली. गुन्ह्यात पोळलेल्या पोरांना कोर्टाच्या कामात सोबत करायला भोरहून येणारी ही पोरगी. एसटी खाली हिर्डोशीलाच सोडायची, तिथून ती चढण चढून आली होती. तोंड लाल झालेलं, सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. रतनबाईला ती पहिल्यापासून आवडत नव्हती. पहिल्या खेपेला रंगीत पेन्सिली आणि कापडाची बाहुली घेऊन आली होती. हात जळलेल्या पोरीला बाहुली! पुढच्या खेपेला आली आणि तासभर प्रांजलबरोबर बसून गोट्या खेळली. यालाच पगार मिळत असेल तर आपण मुकादम व्हायला हवं होतं, असं रतनबाई नूतनला म्हणाली होती.

आज सुलक्षणा पडवीत बसली आणि तिनं कोर्टाचं सांगायला सुरुवात केली. मध्ये पडदा असेल, अण्णा आणि भगत तुला दिसणार नाहीत. मी तुझ्याजवळ असेन, आत्यालाही बसू देतील. प्रश्न कळला नाही तर कळला नाही म्हणायचं. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं. मग ती मोठ्यांकडे वळली.

"आणि तिनं काय बोलायचं ते घरातल्या कोणी शिकवायचं नाही. खोटं तर नाहीच, पण खरंसुद्धा नाही. तिला तिचं बोलू दे. आत्या, हे खास तुम्हाला."

"मी कशाला शिकवू?" रतनबाई फणकारली. तोंड आवरायचं ते आपण, आणि तेही कालच्या पोरीकडून ऐकायचं!

प्रांजलची नजर कोपऱ्यातल्या सुपाकडे गेली होती. मग तिनं विचारलं, "ताई, कोर्टात तांदूळ बारके देत्यात का रेशनसारखे जाडे?"

सुलक्षणाला कळलं नाही. "कसले तांदूळ?"

"चावायचे. खरं-खोटं बघाया. माजं पुन्यांदा कोरडं पडलं तर?" ती रडत नव्हती, साधंच विचारत होती. "आत्ताच पडतंय बगा. कोर्टाचं नाव काढलं की पडतंय. म्हंजे मी चोरच असन. मला म्हाईत नसताना चोरली असन."

नूतनच्या हातातलं लाटणं थांबलं. एवढे महिने रतनबाईनं अण्णाला शिव्या घातल्या, भगताला घातल्या, वाडीला घातल्या, आणि ही पोरगी रोज त्यांच्याच बाजूनं स्वतःला चोर ठरवत बसली होती. भात का खात नाहीस म्हणून कोणी धड विचारलं नव्हतं. नखरे म्हणून सोडून दिलं होतं.

कोपऱ्यात सुपात निवडायला घेतलेले तांदूळ होते. सुलक्षणानं त्यातले चिमूटभर उचलून तोंडात टाकले आणि चावले. चढणीवरून आल्यापासून तिनं पाण्याचा घोट घेतला नव्हता. तिनं तळहातावर थुंकलं. पांढरं पीठ, कोरडं ठणठणीत.

"मी काय चोरलं?" तिनं विचारलं.

प्रांजलनं तळहात निरखून बघितला. "तुमी चढून आलाय म्हनून."

"हो. मी चढून आले म्हणून कोरडं. तू घाबरली होतीस म्हणून कोरडं. तांदळाला चोरी कळत नाही गं. थुंकी तेवढी कळते. आणि कोर्टात तांदूळ देत नाहीत."

पोरीला पटलं की नाही ते कळेना. तिनं सूप उचललं आणि आत्यासमोर धरलं. "आत्या, तू चाव. तू कुटं चढून आलीयास?"

रतनबाईला नको होतं. पण सूप हलेना, तेव्हा तिनं चार दाणे तोंडात टाकले. दाढेखाली कचकच वाजलं. जिभेनं थुंकी शोधली, ती नव्हती. तिनं हातावर थुंकलं आणि मूठ झाकायला गेली, तर प्रांजलनं बोटं उघडली.

"तुजं बी कोरडं."

"व्हय."

"तुला कशाचं भ्या?"

रतनबाईला जन्मात कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. तिच्या जिभेला सगळं गाव भ्यायचं, तिला कोण विचारणार? "लई गोष्टींचं," ती म्हणाली. "परवाचं. तरवा जायचा त्याचं. तुजा बाप मला जा म्हनंल त्याचं. जीभ चालती म्हनून भ्या वाटत न्हाई व्हय?"

गोरख दारात उभा होता. त्याच्याकडे कोणी सूप नेलं नाही. तो खांद्यावर खोळ टाकून बैलांकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चौघांनीच आवणी काढली. गोरखनं बैलांनी चिखलणी केली, नूतननं तरव्यातली रोपं उपटून मुठी बांधल्या, रतनबाई आणि प्रांजल लावत गेल्या. प्रांजलच्या उजव्या हाताची दोन बोटं आखडलेली, पुरती उघडत नव्हती. ती उजव्या हातानं मूठ छातीशी धरायची आणि डाव्यानं रोवायची. तिच्या ओळी वाकड्या येत होत्या. पाऊस खोळीच्या आतून मानेवर उतरत होता, चिखलानं पोटऱ्या ओढत होत्या. ओढ्यापलीकडच्या बांधावरून वाडीची माणसं घरी जायला निघाली. जाताना प्रत्येकजण आभाळाकडे बघत होता, जणू पाऊस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. एवढ्या माना वर करून चालताना एकजण तरी घसरून पडेल म्हणून रतनबाई वाट बघत राहिली. कोणी पडलं नाही. अशी माणसं पडत नाहीत, त्यांना सरपटायची सवय असते.

दिवस मावळला तेव्हा घराजवळची खाचरं लावून झाली होती. ओढ्याकडचं मोठं खाचर तसंच मोकळं पडलं होतं.

साक्षीच्या दिवशी ते पहाटेच खाली उतरले. अंबूबाई आपल्या ओट्यावर शेणी रचत बसली होती. गळ्यात बोरमाळ. पोरीचा हात जाळून सापडली नव्हती ती कणगीतून आपसूक निघाली होती आणि आता म्हातारी ती रोज मिरवत होती.

"कुटं निघाली गं पोरगी?" म्हातारीनं विचारलं.

उत्तर रतनबाईच्या जिभेवर तयार होतं, चांगलं धारदार. पण प्रांजल ऐकत होती. सुलक्षणाची ताकीद आठवून तिनं ते गिळलं. "भोरला," एवढंच म्हणाली.

एसटीत गोरख पोरीशेजारी बसला. वरंध घाटाकडून आलेली गाडी, खिडक्यांतून पाणी गळत होतं. भोर जवळ आलं तसा तो वाकला आणि हळूच बोलला, पण मागच्या बाकावर रतनबाईला सगळं ऐकू आलं.

"बाळ, जमलं तर तेवढं चुलीचं म्हन. मोठं खाचर ऱ्हायलंय आपलं. अजून येळ हाय, लावून देतील. बापासाठी म्हन."

प्रांजल खिडकीबाहेर बघत राहिली. रतनबाईचा हात उठला होता. भावाची मानगूट समोरच होती, आणि शब्द तर तिच्याकडे पोतंभर होते. थू तुज्या बापपणावर. पोरीचा हात त्यांनी जाळला, तू जीभ जाळायला निघालास. सगळं घशापर्यंत आलं. पण गप्प कर म्हणणं म्हणजेही पोरीला शिकवणंच झालं असतं. तिनं पदराचा बोळा करून दातांत धरला. आयुष्यात पहिल्यांदा रतनबाई एका भेकडाला काही न बोलता बसली, आणि तेवढ्यानं तिला घाम फुटला.

कोर्टाच्या आवारात अण्णा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत वकिलाशी हसत उभा होता. चिमाजी भगत जामिनावर होता. गळ्यातल्या माळा काढून, शर्टपँट घालून, केसाला तेल लावून आला होता. अंगात येणारं दैवत त्यानं बहुतेक घरीच ठेवलं होतं, कोर्टात त्याची उलटतपासणी नको म्हणून. धनाजी दोघांना चहा आणून देत होता.

आत पडदा लावला होता. मॅजिस्ट्रेट बाई होत्या. प्रांजल खुर्चीत बसली तर पाय जमिनीला टेकेनात. सुलक्षणा तिच्या बाजूला बसली. रतनबाईला मागच्या बाकावर जागा मिळाली. गोरख बाहेर राहिला. आपण बाहेर राहतो हे त्यालाच बरं वाटलं असणार.

नाव, शाळा, इयत्ता विचारून झाली. मग सरकारी वकिलांनी विचारलं, "हाताला काय झालं, ते तुझ्या शब्दांत सांग."

पोरीनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिनं ओठांवरून जीभ फिरवली, जीभ ओठाला चिकटली. मागच्या बाकावर रतनबाईची जीभ टाळूला लागली. चुलीचं बोलते की काय? पडद्याआड अण्णा खाकरला. वाडीतली पोरं ज्या खाकरण्यानं घरात पळतात तोच आवाज.

"पाणी दे तिला," मॅजिस्ट्रेट बाई म्हणाल्या.

सुलक्षणानं ग्लास पुढं केला. प्रांजलनं मान हलवली. "नगं."

"अगं पी, घसा कोरडा पडलाय तुझा."

"पडू द्या," प्रांजल म्हणाली. आवाज खरखरीत होता, पण आला. तिनं आखडलेला हात टेबलावर उताणा ठेवला. "भगतानं तापलेलं नाणं ठिवलं. अण्णांनी मूठ दाबली. माजं तांदूळ कोरडं पडलं म्हनून. आत्ता बी तोंड कोरडं पडलंय. तरीबी मी बोरमाळ चोरली न्हाई."

मॅजिस्ट्रेट बाईंनी टंकलेखकाला एकेक वाक्य सांगितलं. भगताने तापलेले नाणे ठेवले. आरोपी कुंडलिक यांनी मूठ दाबली. मी बोरमाळ चोरलेली नाही. कळांवर बोटं पडत गेली.

"बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," प्रांजल म्हणाली. "त्ये तरीबी ऱ्हायलं."

"काय राहिलं?"

"तोंड कोरडं पडलंय, तरीबी चोरली न्हाई. असं ल्याहा."

अण्णाचा वकील उठून काही म्हणायला लागला. बाईंनी हातानंच त्याला बसवलं आणि टंकलेखकाला सांगितलं, "ती म्हणते तसंच घ्या. तिच्याच शब्दांत."

कळा पुन्हा वाजल्या. प्रांजल थांबून ऐकत होती. वाजायच्या थांबल्या तेव्हा तिनं ग्लास डाव्या हातानं उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. रतनबाईनं दातांतला पदराचा बोळा काढला, तो पार ओला झाला होता.